हिरव्या पानाचा जमाखर्च

प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या आपण सर्वांनीच शाळेत पाठ केलेली असते. हरितद्रव्य असलेली वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपला जुना कर्बवायू, यांपासून साखर तयार करते आणि प्राणवायू बाहेर सोडते. एवढे लिहिले की दोन गुण मिळतात. व्याख्या चुकीची नाही, पण ती वाचून असे वाटते की जगातील यच्चयावत हिरवी पाने एकाच रीतीने हे काम करतात. मलाही बी. एस्सी. होईपर्यंत तसेच वाटत असे. पुढे ते तसे नाही असे कळले, आणि त्या अर्धवट कळण्याच्या भरात मी घरच्या माणसाचे नुकसान करून बसलो. प्रस्तुत लेख लिहिण्यास ती हकीकत कारण झाली आहे.

एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत मी मामांच्या गावी गेलो होतो. गाव बेळगावच्या पूर्वेला, काळ्या जमिनीचे. आम्हाला ‘सी-४’ वनस्पतींचा पाठ नुकताच झाला होता, आणि नवे शिकलेले कोणाला तरी ऐकवल्याशिवाय त्या वयात चैन पडत नाही. विहिरीखालच्या दोन एकरांत नेहमीप्रमाणे शाळू घ्यावा की ऊस लावावा, या विचारात मामा जेवणानंतर सोप्यावर बसले होते. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “मामा, ऊस लावा. ऊस फार हुशार पीक आहे. भाताला लागते त्याच्या जवळजवळ निम्म्या पाण्यात तो तेवढेच अन्न तयार करतो. पुस्तकात आकडे आहेत.” मामांचे मन उसाकडे झुकलेलेच होते, त्याला माझ्या पुस्तकाचा आधार मिळाला. ऊस लागला. पहिले पीक उत्तम आले, दुसऱ्या वर्षी खोडवाही बरा निघाला. तिसऱ्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि मार्चअखेर विहिरीचा तळ दिसू लागला. मे महिन्यात मी गेलो तेव्हा मामा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “ऊस शाणा हाय म्हणून सांगिटलास न्हवं? मग हिरीतलं पाणी कुठं गेलं, ते बी पुस्तकात बघून सांग की.”

पुस्तकातला आकडा खोटा नव्हता. तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे मी पाहिले नव्हते. ते पाहायचे तर पानाच्या मूळ अडचणीपासून सुरुवात करावी लागेल.

पानाला कर्ब हवा असतो आणि तो हवेतून मिळवावा लागतो. हवेत कर्बवायू अगदी थोडा. १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे त्याची नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. तरीही दहा हजारांत चार भाग म्हणजे कितीसा! हा विरळ वायू आत घ्यायचा तर पर्णरंध्रे उघडावी लागतात, आणि ती उघडली की पानातील ओलावा बाहेर पडतो. पानाच्या आत जवळजवळ पूर्ण ओलसर हवा, बाहेर वैशाखातले कोरडे ऊन. कर्बवायूचा एक कण आत येईपर्यंत पाण्याचे शेकडो कण बाहेर निघून जातात. दार उघडावे तर तहान, लावून घ्यावे तर भूक, असा हा पेच आहे. निरनिराळ्या वनस्पतींनी तो निरनिराळ्या रीतीने सोडवला आहे. भात, गहू, हरभरा, भुईमूग, कापूस यांसारखी साधी पिके एक ग्रॅम कर्बवायू पदरात पाडून घेण्यासाठी साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी उडवतात. ऊस, मका, ज्वारी २५० ते ३०० ग्रॅम. घायपात किंवा निवडुंग यांच्यासारख्या वनस्पती अवघे ५० ते १०० ग्रॅम. मी मामांना ऐकवलेले आकडे ते हेच.

एवढा फरक कशाने पडतो? पानात कर्बवायू पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे एन्झाइम करते. पृथ्वीवर सर्वात विपुल असलेल्या प्रथिनांत त्याची गणना होते. विपुल असण्याचे कारण मात्र फारसे गौरवाचे नाही. ते अतिशय संथ आहे. कित्येक एन्झाइमे सेकंदाला हजारो रेणू हातावेगळे करतात, हे महाशय सेकंदाला तीन ते दहा. म्हणून पानाला त्याची फौजच्या फौज बाळगावी लागते. या एन्झाइमने पकडलेल्या कर्बाचे पुढे काय होते हे अमेरिकेत कॅल्व्हिन, बेन्सन आणि बाशॅम यांनी शोधून काढले. त्यांनी क्लोरेला या शेवाळाला किरणोत्सर्गी कर्ब दिला, काही सेकंदांत ते गरम अल्कोहोलमध्ये टाकून मारले आणि तो कर्ब कोणत्या संयुगात सापडतो ते तपासले. पहिले संयुग तीन कर्बाणूंचे निघाले. यावरून या मार्गाला सी-३ असे नाव पडले. कॅल्व्हिन यांना १९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि प्रकाशसंश्लेषणाचे कोडे सुटले असे बहुतेकांना वाटले.

रुबिस्कोचा दुसरा दोष अधिक महागात पडतो. कर्बवायू आणि प्राणवायू यांतला फरक त्याला नीट ओळखता येत नाही. अधूनमधून ते कर्बवायूऐवजी प्राणवायूच पकडते, आणि त्यातून निर्माण झालेला निरुपयोगी पदार्थ निस्तरताना आधी कमावलेला कर्ब पुन्हा हवेत जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. २५ अंश सेल्सिअसला साध्या पानाचा जवळजवळ एक चतुर्थांश कर्ब असा वाया जातो. उष्मा वाढला की हे प्रमाणही वाढते, कारण गरम पाण्यात कर्बवायूची विद्राव्यता प्राणवायूपेक्षा जास्त वेगाने घटते आणि रुबिस्कोची निवडही बिघडते. त्यात पाणी कमी पडून रंध्रे मिटली म्हणजे पानात कर्बवायू संपत येतो, प्राणवायू साठतो आणि गळती आणखी वाढते. एप्रिलच्या दुपारी टवटवीत दिसणारे पानसुद्धा आतून तोट्यात चाललेले असू शकते.

उसाने या दोषावर तोड काढली आहे, हे कळायला १९६० चे दशक उजाडावे लागले. रशियात कार्पिलोव्ह यांना १९६० साली मक्यात काही वेगळे दिसले होते, पण त्यांच्या लिखाणाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हवाई बेटांवरील ऊस उत्पादकांच्या संशोधन केंद्रात कोर्टशाक, हार्ट आणि बर यांनी उसाला किरणोत्सर्गी कर्ब देऊन पाहिले, तर कॅल्व्हिन यांचे तीन कर्बाणूंचे संयुग पहिले येईना. पहिली येत होती ती चार कर्बाणूंची आम्ले. हे काम १९६५ साली प्रसिद्ध झाले. ते वाचून ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे हॅच आणि स्लॅक यांनी पुढच्याच वर्षापासून सारा मार्ग उलगडायला सुरुवात केली. एवढा मूलभूत शोध साखरधंद्याच्या पदरी असलेल्या माणसांनी लावला, याची मला नेहमी गंमत वाटते. ज्याच्या घरी ऊस, त्यालाच उसाची शंका आली!

हा सी-४ मार्ग समजण्यासाठी रसायनशास्त्रापेक्षा सूक्ष्मदर्शक अधिक उपयोगी पडतो. ज्वारीच्या पानाचा पातळ आडवा छेद नव्या ब्लेडने घ्या आणि पाहा. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींचे कडे दिसेल, जणू गळ्यातला हार. हाबरलांट या शास्त्रज्ञाने ही रचना १८८४ सालीच वर्णिली आणि जर्मन भाषेतील हारावरून तिला ‘क्रांझ’ हे नाव मिळाले. मात्र तिचे प्रयोजन पुढे ऐंशी वर्षे नीटसे कळले नव्हते. आता शेजारी भाताच्या पानाचा छेद ठेवा. शिरा आहेत, पण हिरवे कडे नाही. कड्याबाहेरच्या पेशींत पेप कार्बोक्सिलेज हे दुसरे एन्झाइम असते. त्याला प्राणवायूचा मोह नाही. ते विरळ कर्बवायूही चटकन पकडते, चार कर्बाणूंच्या आम्लात बांधते आणि ते आम्ल आतल्या कड्यात पाठवले जाते. तिथे गाठोडे सोडले की कर्बवायू मोकळा होतो आणि इतका दाटतो की तिथे बसलेल्या रुबिस्कोला प्राणवायू पकडण्याची फुरसतच मिळत नाही. चुका थांबतात. शिवाय बाहेरचा पहारेकरी एवढा तरबेज असल्याने रंध्रे थोडी किलकिली ठेवली तरी भागते. पाणी वाचते ते तिथे.

याचा एक प्रसिद्ध आणि काहीसा निर्दय प्रयोग आहे. हवाबंद काचेच्या हंडीत मक्याचे एक आणि घेवड्याचे एक रोप शेजारी ठेवतात आणि भरपूर उजेड देतात. हवेतील कर्बवायू दहा लाखांत पन्नास भागांच्या आसपास उतरला की घेवड्याची कमाई आणि गळती यांची तोंडमिळवणी होते. त्याखाली तो तोट्यात जातो. मका मात्र पाच भागांच्याही खाली ओढत राहतो. घेवडा श्वसनावाटे जो कर्ब सोडतो तोही मका गिळतो. काही दिवसांत घेवडा पिवळा पडून मरतो आणि मका त्याच्या कर्बावर वाढलेला असतो. दोघांना ऊन तेच, हवाही तीच.

एवढे वाचून कोणीही विचारील की मग सगळ्याच वनस्पतींनी हा मार्ग का पत्करला नाही? वनस्पतींच्या एकूण जातींपैकी जेमतेम तीन टक्के सी-४ आहेत. जमिनीवरील प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे एक चतुर्थांश काम त्या करतात हे खरे, पण जातींनी त्या अल्पसंख्यच. या प्रश्नाचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच चांगले मिळते. पश्चिमेला खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथून शंभर-दीडशे किलोमीटरवर अथणीकडे तो सहाशेच्या आत-बाहेर येतो. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? दरवर्षी सहलीला दूरच्या उद्यानांची नावे सुचवणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगत असतो.

कणकुंबीच्या रानात शिरा. खाली अंधार. माथ्यावर पडणाऱ्या उजेडापैकी एक-दोन टक्केच जमिनीपर्यंत पोचतो. सी-४ मार्गाला कर्बाच्या प्रत्येक रेणूमागे दोन एटीपी रेणूंचा जादा खर्च येतो. कर्ब आत वाहून नेण्याची ती हमाली म्हणा. उघड्या उन्हात ऊर्जा उतू जात असते, तिथे हा खर्च जाणवत नाही. पण अंधाऱ्या रानात पै-पैचा हिशेब असतो, आणि गारव्यात रुबिस्कोच्या चुकाही कमी होतात. मग हमाल ठेवायचा कशाला? म्हणून इथे रानहळद, नेचे, कारवी सारी सी-३ आहेत. बांबू गवताच्या कुळातला, ज्वारीचा आणि उसाचा भाऊबंद, तरीही सी-३. सावलीतली पाने रुंद आणि पातळ असतात, वजनाच्या मानाने त्यांत हरितद्रव्य अधिक असते, श्वसनाचा खर्च कमी असतो, त्यामुळे ती अत्यल्प उजेडातही शिलकीत राहतात. फांद्यांतून उतरणारे उन्हाचे कवडसे क्षण-दोन क्षण पानावर फिरतात आणि तेवढ्यात दिवसाच्या कमाईचा मोठा वाटा गोळा होतो. एकाच झाडाच्या शेंड्याचे पान आणि बुंध्याजवळचे पान तोडून शेजारी ठेवा. जाडीतला फरक बोटांनाही कळतो.

रानातून खाली उतरले की खानापूर-बेळगावची भातशेती लागते. पावसाळ्यात ढगाळ आकाश, गार हवा, पायाशी पाणी. अशा ठिकाणी सी-३ भाताला फारसे कमीपण येत नाही. भात निघाल्यावर त्याच ओलीवर होणारा मसूर आणि वाटाणाही सी-३, कारण ती थंडीची पिके. बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी माती सुरू झाली की शाळू दिसतो, आणि त्याच शिवारात शेजारी हरभरा. एक सी-४, एक सी-३. दोघेही पावसाळ्यानंतर मातीत मुरलेल्या ओलीवर वाढतात. तेव्हा ‘कोरडवाहू म्हणजे सी-४’ असे समीकरण परीक्षेत कोणी लिहू नये. हरभरा थंडीचा फायदा घेतो, खोल मूळ सोडतो आणि लवकर आटोपतो. शाळूला दिवसाचे स्वच्छ ऊन पुरते. नाचणी, बाजरी, मका, हरळी, लव्हाळा, राजगिरा हेही सी-४ वर्गातले. आणि आपल्या पडीक जमिनी व्यापून बसलेले गाजर गवत दोन्हींच्या मधले, अर्धवट कडे असलेले निघाले आहे. उपद्रवी, पण अभ्यासाला उत्तम!

एक अवांतर गोष्ट सांगतो. सी-४ वनस्पती कर्बाचा जड प्रकार, म्हणजे कार्बन-१३, सी-३ पेक्षा जास्त प्रमाणात घेतात. त्यामुळे उसाची साखर आणि फुलांतला मध यांतील कर्ब प्रयोगशाळेत वेगळा ओळखता येतो, कारण मधमाश्या बहुतेक सी-३ फुलांवर जातात. मधात उसाची साखर मिसळणारे या कसोटीने पकडले जाऊ लागले, तेव्हा काही जण तांदळाच्या पाकाकडे वळले. तांदूळ सी-३! भेसळ करणाऱ्यांनाही वनस्पतिशास्त्र येते ते असे. असो.

आता तिसरा मार्ग, जो मला सर्वात जास्त आवडतो. महाविद्यालयाच्या बागेत पानफुटी आहे. तिच्या पानाच्या कडेला नवी रोपे फुटतात म्हणून आपण ती वहीत ठेवतो. तिचे खरे वैशिष्ट्य वेगळे आहे. बेंजामिन हेन हे मद्रासला कंपनी सरकारच्या चाकरीत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवले की या झाडाचे पान पहाटे चांगलेच आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळी कडसर. बाटली नाही, तराजू नाही, केवळ जिभेने लागलेला हा शोध, आणि तोही आपल्या देशात! आजही तो पडताळून पाहता येतो. मात्र पान नुसते चघळून थुंकून टाका, गिळू नका. घायपाताच्या पानाला तर जीभ लावूच नका, त्याचा चीक पोळतो.

हे झाड रात्री रंध्रे उघडते. रात्री हवा गार आणि दमट, म्हणून पाणी फार उडत नाही. आत आलेला कर्बवायू तेच पेप कार्बोक्सिलेज पकडते आणि मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशीच्या रिक्तिकेत रात्रभर साठवते. म्हणून पहाटे आंबट. दिवस उगवला की रंध्रे मिटतात. दारे बंद करून आतल्या आत आम्लातला कर्बवायू सोडायचा आणि सूर्यप्रकाशावर रुबिस्कोकडून साखर करून घ्यायची. म्हणून संध्याकाळी आंबटपणा नाही. उसाने जी दोन कामे दोन खोल्यांत वाटली, ती पानफुटीने एकाच खोलीत दोन पाळ्यांत वाटली. पानफुटीच्या क्रॅसुलेसी कुळावरून याला कॅम मार्ग म्हणतात. निवडुंग, घायपात, अननस आणि कित्येक आमरी याच वाटेने जातात. सौंदत्तीच्या डोंगरउतारावर भर मे महिन्यात फड्या निवडुंग हिरवा राहतो तो या रात्रपाळीमुळे. अर्थात एका रात्रीत रिक्तिकेत मावेल तेवढाच कर्ब, म्हणून ही झाडे सहसा सावकाश वाढतात.

आमच्या वर्गात हा प्रयोग दरवर्षी होतो. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला पाच-पाच ग्रॅम पाने खुडायची, लगेच उकळत्या पाण्यात टाकून त्यांची क्रिया थांबवायची, वाटून गाळायची, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घालून ब्युरेटमधून सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचे आणि गुलाबी रंग येईपर्यंत किती लागले ते मोजायचे. सकाळच्या पानांना नेहमीच पुष्कळ जास्त लागते. एका वर्षी मात्र एका गटाची दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी आली. मी पानांचा दोष शोधत बसलो. शेवटी कळले की वसतिगृहातल्या त्या मंडळींनी पहाटे उठायला नको म्हणून दोन्ही पुड्या आदल्या संध्याकाळीच भरून ठेवल्या होत्या. पानफुटीने त्यांची चोरी पकडली.

याच संदर्भात विद्यार्थी दरवर्षी पिंपळाविषयी विचारतात. पिंपळ रात्री प्राणवायू सोडतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. प्राणवायू पाण्याच्या विघटनातून येतो, आणि तो सोडायला उजेड लागतो हे इंगेनहाउझ यांनी १७७९ सालीच दाखवले. रात्री कर्बवायू आत घेणारी पानफुटीसुद्धा रात्री प्राणवायू सोडत नाही. पिंपळाखाली बसायला इतर कारणे पुष्कळ आहेत.

आता मामांच्या प्रश्नाकडे वळतो. माझा आकडा होता एक ग्रॅम कर्बवायूमागे किती पाणी, याचा. विहीर ग्रॅमने रिकामी होत नाही, ती एकराने आणि महिन्यांनी होते. ज्वारी चार महिन्यांत उरकते आणि तिला सारे मिळून ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी पुरते. ऊस बारा महिने आणि कधी त्याहून अधिक शेतात उभा. त्याला १५०० ते २५०० मिलिमीटर लागते. दोन हजार मिलिमीटर धरले तर एका एकराला सुमारे ऐंशी लाख लिटर होतात, आणि पाचशे मिलिमीटर ज्वारीला वीस लाख. ऊस प्रत्येक ग्रॅम स्वस्तात घेतो हे खरेच, पण तो ग्रॅम घेतो किती! एकरी चाळीस-पन्नास टन माल उभा करणाऱ्या पिकाची स्वस्त खरेदीही विहिरीला जड जाते. घासाघीस करून भाव पाडणारे गिऱ्हाईक शेवटी सारे दुकान उचलून नेते, तसा हा प्रकार. भाताशी केलेली माझी तुलनाही लंगडी होती. भाताच्या खाचरातले बरेचसे पाणी पानातून जातच नाही. ते मातीत मुरते, पृष्ठभागावरून उडते. शिवाय आपल्याकडे ते बहुतांशी पावसाचेच असते. आणि मामांच्या पुढे निवड ऊस की भात अशी नव्हतीच. ती होती ऊस की शाळू. दोन्ही सी-४! मी ज्या गुणाची शिफारस केली तो गुण त्यांच्या शेतात आधीपासून होता.

हे गणित मी त्या उन्हाळ्यात सोप्यावर बसूनच वहीत मांडले आणि मामांना वाचून दाखवले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. यात शाळूचा कडबा धरला आहेस काय, आणि उसाचा पैसा धरला आहेस काय. दोन्ही धरलेले नव्हते. पिकाची निवड नुसत्या पाण्यावर होत नाही, जनावरांचे पोट आणि कारखान्याचा भाव हेही त्यात येतात. त्याबद्दल वनस्पतिशास्त्राने गप्प बसलेले बरे. पाण्याचा आकडा मात्र बरोबर सांगायला हवा होता, आणि तो मी सांगितला नव्हता. पुढच्या हंगामात मामांनी अर्धा एकर ऊस ठेवला आणि बाकीच्यात शाळू-हरभरा केला.

भातालाच सी-४ करता येईल काय, असा प्रयत्न फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पुढाकाराने इतर देशांतील शास्त्रज्ञांनी मिळून चालवला आहे. निसर्गात हा मार्ग साठाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाला, म्हणून आशा वाटते. पण एन्झाइमे घालणे त्या मानाने सोपे, शिरेभोवतीचे ते हिरवे कडे उभे करणे फार कठीण. शेतात पेरता येईल असे बियाणे अजून निघालेले नाही. दुसरीकडे हवेत कर्बवायू वाढत आहे, तेव्हा सी-३ पिकांची चंगळ होईल असे काही जण म्हणतात. वाढीव कर्बवायूत भात-गव्हाचे उत्पन्न वाढते हे उघड्या शेतांतल्या प्रयोगांत दिसले आहे, पण अपेक्षेपेक्षा कमी. दाण्यातील प्रथिनांचे प्रमाणही घटलेले आढळले. आणि त्याच कर्बवायूने उष्मा वाढला की रुबिस्कोच्या चुका वाढणार, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जाणार.

एक झाड सांगायचे राहिले. मामांच्या विहिरीचा तळ दिसला त्या मे महिन्यात उसाचा खोडवा वाळून खडखडत होता. त्या सऱ्यांत एकच गोष्ट हिरवी होती, ती घोळ. आपली भाजीची घोळ. एरवी ती उसासारखीच सी-४ मार्गाने चालते, पण पाणी तुटले की रात्री आम्ल साठवणाऱ्या कॅम मार्गावर जाते आणि पाऊस पडला की परत फिरते. दोन्ही वाटा ठाऊक असलेल्या वनस्पती जगात फार थोड्या. त्या वेळी मला हे माहीत नव्हते. मामी पहाटे सऱ्यांतून ओटीभर घोळ खुडून आणायच्या, आणि त्यांची तक्रार असे की यंदाची घोळ फार आंबट आहे, चिंच घालायलाच नको. पुढे तिच्याविषयी वाचले तेव्हा हे आठवले, आणि नंतरच्या एका उन्हाळ्यात मी मुद्दाम जाऊन त्याच बांधावर सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला घोळीची पाने खाऊन पाहिली. मामा जवळच उभे होते. संध्याकाळचे पान त्यांनीही तोंडात टाकले, जरा वेळ चघळले आणि म्हणाले, “सकाळचं बरं होतं.”